बाबांच्या बाजूला क्ष नाही

प्रिय टिल्लू,

कचेरीत तुला सगळे साहेब म्हणतात हे मला ठाऊक आहे. तुझ्या टेबलावर 'मुख्य परीक्षक' अशी पितळी पाटी आहे, तीही मी पाहिली आहे. पण हे पत्र त्या पाटीला नाही. ज्याचा शेंबूड मी माझ्या फ्रॉकला पुसला त्याला आहे, तेव्हा मी टिल्लूच म्हणणार. मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे, नाहीतर तुझा कारकून फोडेल आणि वर आवक क्रमांक टाकून मोकळा होईल. शाळा सुटली आहे, मी शिक्षकखोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आहे. शिपाईणबाई झाडू घेऊन दोनदा डोकावून गेल्या. त्यांना कुलूप लावायचं आहे आणि मला लिहायचं आहे, बघू कोण आधी दमतं.

रविवारी तू माझ्यावर फोन आपटलास. आपटलास तो आपटलास, वर संध्याकाळी बायकोला फोन करायला लावून ताईला बरं वाटतंय का म्हणून विचारलंस. मला उत्तम वाटतंय. रागात मला नेहमीच उत्तम वाटतं, भूक लागते, झोप छान लागते. शुक्रवारी माझ्या विद्यार्थिनीच्या गुणांवर सुनावणी आहे. तुझ्या डाव्या-उजव्या हाताला दोन सदस्य बसलेले असतील आणि मला बोलायला मोजकाच वेळ देतील, म्हणून माझं म्हणणं आज सगळं लिहून काढते. पत्र आपटता येत नाही. अर्ध्यात ठेवून दिलंस तरी मनात अर्धं राहील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आधी मुलीबद्दल सांगते, कारण तुझ्यासमोर ती फक्त एक आसनक्रमांक आहे. वर्गात तिला सगळे खार म्हणतात, कारण विचार करताना ती पेन्सिलीचं टोक कुरतडत बसते आणि तिच्या बाकाखाली कायम लाकडाचा भुसा पडलेला असतो. ती काही फार हुशार नाही, उगाच तिला डोक्यावर घेऊन नाचणार नाही मी. भूमितीत तिची दांडी गुल आहे. अवयव पाडायला सांगितले की तिचा चेहरा पडतो. पण शाब्दिक उदाहरण दिलं की ती ते दोनदा वाचते, आणि दुसऱ्या वेळी ओठ हलवत वाचते. मी एकदा फळ्यावर लिहिलं होतं की एका संख्येच्या तिपटीत सात मिळवले तर चाळीस येतात, तर तिनं हात वर करून विचारलं की कोणी मिळवले. सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण नंतर मला वाटलं, ठीकच तर विचारतेय. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी वाळवते. वडील लेथवर काम करायचे, ती नऊ वर्षांची असताना तापानं गेले, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. तिलाही लेथच चालवायचं आहे. यंत्रशाळेत तिची जागा लागली आहे, आणि गणितात पास झाली तरच ती राहणार आहे. पास व्हायला पस्तीस लागतात आणि तिला एकतीस आहेत. मधले चार गुण तुझ्या टेबलावर पडलेत.

आता तुझं ते लाडकं 'जीवनाशी जोडलेलं गणित'. दोन वर्षांपूर्वी त्याचं परिपत्रक निघालं तेव्हा सबंध शिक्षकखोलीत त्याची बाजू घेणारी मी एकटी होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. विज्ञानाचे सर म्हणाले की हे नवं खूळ आहे, चार दिवसांत उतरेल. मी त्यांच्याशी जेवणाच्या सुट्टीभर भांडले. साठ टरबुजं विकत घेणारा माणूस आणि समोरासमोरून धावणाऱ्या दोन आगगाड्या यांना मीही कंटाळले होते रे. आणि तू या वर्षी प्रश्नही चांगला काढलास, अगदी मनापासून सांगते. तुमचं आजचं वय आणि तुमच्या घरातल्या तुम्हांला जवळच्या वाटणाऱ्या एका मोठ्या व्यक्तीचं वय घ्या, किती वर्षांनी त्या व्यक्तीचं वय तुमच्या दुप्पट असेल ते समीकरण मांडून काढा आणि ताळा करून दाखवा. चार गुण. पेपर हातात पडल्यावर मला तुझा अभिमान वाटला होता. माझ्या भावानं काढलाय हा प्रश्न, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलंसुद्धा.

माझी शिकवायची एक पद्धत आहे, ती तुझ्या परीक्षकांना माहीत नाही म्हणून सांगते. क्ष मानायच्या आधी क्ष म्हणजे काय हे मी मुलांना शब्दांत लिहायला लावते. नुसतं 'क्ष मानू' लिहिलं तर मी पान उलटं करून परत देते. क्ष म्हणजे वर्षं की रुपये की पायऱ्या, ते आधी सांगा. मग समीकरणाच्या प्रत्येक बाजूच्या डोक्यावर ती बाजू कोणाची आहे ते लिहायचं. असं केलं की मुलं आकड्यांना भीत नाहीत, कारण आकडे कोणाचे आहेत हे त्यांना समोर दिसतं. खारीनं तसंच केलं. आधी लिहिलं की क्ष म्हणजे पुढची वर्षं. मग एका बाजूवर लिहिलं 'मी' आणि दुसऱ्या बाजूवर लिहिलं 'बाबा'. स्वतःच्या चौदा वर्षांत क्ष मिळवला, कंस घातला, त्याची दुप्पट केली. बाबांच्या बाजूला तिनं छत्तीस लिहिले आणि पुढे काहीही मिळवलं नाही. खाली एक ओळ लिहिली: माझे बाबा छत्तीस वर्षांचे आहेत, ते पुढेही छत्तीसच राहतील, म्हणून बाबांच्या बाजूला क्ष नाही. मग कंस सोडवला, अठ्ठावीस पलीकडे नेले, क्षची किंमत चार आली. ताळाही केला. चार वर्षांनी मी अठरा, अठराची दुप्पट छत्तीस, डावी बाजू बरोबर उजवी बाजू. खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या, मी शिकवल्या तशा.

त्यावर लाल शाईत शून्य आहे. तुमच्या उत्तरसूचीत लिहिलंय की दोन्ही बाजूंना क्ष मिळवलेला नसल्यास पहिली पायरी चूक धरावी आणि पहिली पायरी चुकल्यास पुढच्या पायऱ्या तपासू नयेत. म्हणजे ती ओळ कोणी वाचलीच नाही. पुनर्तपासणीला अर्ज केला, तेव्हा तरी कोणी वाचेल असं वाटलं होतं. ती तू वाचलीस. शून्याला कायम असा शेरा मारून खाली तुझी सही आहे, मी ओळखते ती सही, तिचा शेवटचा फराटा मीच तुला शिकवला होता.

मग मी काय केलं ऐक. वर्गातल्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या आणि फक्त तो प्रश्न वाचत बसले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं आजोबा घेतले आहेत. ती चौदा, आजोबा सत्तर. दोन्ही बाजूंना व्यवस्थित क्ष मिळवलाय, उत्तर बेचाळीस वर्षं आलंय. ताळ्यात नात छप्पन्न वर्षांची आहे आणि आजोबा एकशे बारा. पैकीच्या पैकी. ते आजोबा मी पाहिले आहेत, टिल्लू, फाटकापर्यंत चालत आले की त्यांना खुर्ची लागते. देव त्यांना उदंड आयुष्य देवो, पण एकशे बारा? आणि एका मुलानं वीस वर्षांचा थोरला भाऊ घेतला आहे. त्याचं उत्तर उणे आठ आलं, त्यानं तसंच लिहिलं, उणे आठ वर्षांनी. त्यालाही चार गुण मिळालेत, शेजारी 'चिन्हाचा अर्थ ग्राह्य' असा प्रेमळ शेरा आहे. मुलगा गुणी आहे, त्याचे गुण काढून घ्या असं मी म्हणत नाही, खबरदार त्याला हात लावलास तर. मी एवढंच विचारतेय की तुमच्याकडे काळ बेचाळीस वर्षं पुढे पळालेला चालतो, आठ वर्षं मागे गेलेला चालतो, मग एका माणसासाठी तो थांबला तर तेवढं का चालत नाही? शुक्रवारी मी हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवणार आहे. तुझ्या सदस्यांनी सांगावं यातलं घडलेलं कोणतं आणि न घडणारं कोणतं.

फोनवर तू जे जे म्हणालास त्याची उत्तरं तेव्हाच द्यायची होती, पण तू संधी दिली नाहीस. तू म्हणालास की नियम सगळ्यांना सारखा. मान्य. मग प्रश्न सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या घरचा का विचारलास? घरं सारखी नसतात. तू म्हणालास की या प्रश्नात दोन्ही बाजूंना चल असलेलं समीकरण सोडवता येतं का ते तपासायचं होतं आणि मुलीनं सोपी वाट काढली. हा तुझा मुद्दा खरोखर चांगला आहे, मी त्यावर रात्रभर नाही तरी चहा होईपर्यंत नक्की विचार केला. पण त्याच पेपरात तिसऱ्या प्रश्नात पाच क्ष उणे सात बरोबर तीन क्ष अधिक नऊ असं समीकरण आहे, आणि ते तिनं एकही खाडाखोड न करता सोडवलंय, क्ष बरोबर आठ. दोन्ही बाजूंचा क्ष तिला येतो. जिथे तो नाही तिथे तिनं तो घातला नाही, एवढंच. आपण शिकवतो ते दुसरं काय असतं? गोष्ट वाचायची, त्यात काय बदलतंय आणि काय बदलत नाही ते ओळखायचं, बदलणाऱ्याला अक्षर द्यायचं आणि न बदलणाऱ्याला आकडा. सबंध प्रकरणाचा जीव एवढाच आहे. माझ्या वर्गातल्या किती मुलांना हे खरंच कळलंय हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिला कळलंय.

आणि मग शेवटी तू म्हणालास की वडीलच कशाला घ्यायचे, तिनं आईचं वय घ्यायचं होतं, मामाचं घ्यायचं होतं. तिथे माझं डोकं फिरलं. मी काहीतरी ओरडले आणि तू फोन ठेवलास. प्रश्नात लिहिलं होतं जवळची वाटणारी व्यक्ती. कोण जवळचं वाटतं हे परीक्षक ठरवणार का आता? तिला मी नंतर हळूच विचारलं की बाबाच का घेतलेस गं, तर ती म्हणाली की बाबांचा हिशोब मला नेहमीच येतो, मी रोज मनात करते. एवढं बोलून परत पेन्सिल तोंडात.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरंच घर घोळतंय, आणि ते तुलाही माहीत आहे. आपल्यालाही सगळे हेच सांगायचे, मामा आहेत ना. शाळेत कोणी विचारलं तर मामांचं नाव सांगा, पालकसभेला मामांना न्या. मामा भला माणूस, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण बाबा कामावरून आले, चपला काढल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या जागी गेले, त्यानंतर आपल्या घरात त्यांचा विषय कोणी काढला नाही. आईचे डोळे भरायचे म्हणून आपण गप्प राहिलो, आणि पुढे त्याची सवय लागली. बाबा एक्केचाळीस, मी बारा, तू सात. दुसऱ्या वर्षी तुझ्या गुरुजींनी वर्गात सांगितलं की बाप आणि मुलगा यांच्या वयातला फरक जन्मभर कायम राहतो, आणि तू उभा राहून म्हणालास की आमच्या घरी तो कमी होतोय. पोरं फिदीफिदी हसली. गुरुजींना वाटलं तू आगाऊपणा करतोस, त्यांनी तुला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन तू आईला काही सांगितलं नाहीस. मी मोरीत भांडी विसळत होते, तिथे येऊन माझ्या कानात म्हणालास, ताई, दरवर्षी एकनं कमी होतोय, मी मोजलंय. मी तेव्हा तुला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पण तू बरोबर होतास, एवढं मला बारा-तेरा वर्षांच्या अकलेलाही कळलं होतं.

म्हणून मला तुझा तो नियम पटत नाही. जगात दुसऱ्या कोणी हे शून्य दिलं असतं तर मी म्हटलं असतं की जाऊ दे, त्याला समजलं नाही. तुला समजलं. पहिल्या वाचनात समजलं असणार. टिल्लू, तुला ते उत्तर चुकीचं वाटलेलं नाही, तुला ते सोसलं नाही. आणि का सोसलं नाही तेही मी सांगते, तुझ्या बायकोवर चिडू नकोस, तिनं घाबरून मला सांगितलं. गेला वाढदिवस झाल्यापासून तू झोपत नाहीस, उशीला टेकून बसून राहतोस. दोन डॉक्टर झाले, दोघांनी छाती ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तरी तू तिसऱ्याची वेळ घेतलीस. पुढच्या वर्षीचं काही विचारलं की बघू म्हणतोस. मुलांना सुट्टीत समुद्रावर न्यायचं ठरत होतं, त्याची तिकिटं तू काढू देत नाहीस. बँकेचे कागद कुठे आहेत ते तिला सारखं दाखवतोस. लहानपणी मोजायला घेतलेला तो फरक आता संपला आहे, तू एक्केचाळीस आहेस, आणि पलीकडे काही नाही असं तू मनाशी धरून चालला आहेस. आणि नेमक्या अशा वर्षी एका मुलीनं शांतपणे लिहून पाठवलं की तिचे बाबा थांबलेत आणि ती पुढे चालली आहे. तिनं बिचारीनं ताळासुद्धा केला. तू त्यावर सही करून कागद बाजूला सारलास.

आता हे पत्र का, ते सांगते, कारण शिपाईणबाई आता खोलीत येऊन उभ्याच राहिल्या आहेत. गुण मागायला मी लिहीत नाहीये. गुण मी शुक्रवारी सगळ्यांसमोर मागणार आहे, तुला साहेब म्हणून, आणि समीकरणाच्या जोरावर मागणार आहे, भाऊ म्हणून नव्हे. तू शून्य कायम ठेवलंस तर वरच्या समितीकडे जाईन, आणि काहीही झालं तरी सोमवारपासून माझ्या वर्गात ही दोन्ही समीकरणं, बाबांच्या बाजूला क्ष असलेलं आणि नसलेलं, शिकवली जातील, कोणाला परिपत्रक काढायचं असेल त्यानं खुशाल काढावं. पण तिथे मी आपल्या बाबांचं नाव काढणार नाही. त्या मुलीच्या वडिलांवर तुम्ही तीन माणसं बसून चर्चा कराल तेवढी पुरे, आपल्यांवर नको. त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते तुझ्या-माझ्यात, आणि ते शुक्रवारच्या आधी, म्हणून लिहिलं. पाच वर्षांपूर्वी मी बाबांपेक्षा मोठी झाले, तुलाच काय, कोणालाच बोलले नाही. त्या आठवड्यात मला चाळिशी लागली. बाबांना चष्मा कधी लागलाच नाही. चष्म्याच्या दुकानात मी बारीक अक्षरं वाचता वाचता रडले आणि त्या दुकानदाराला वाटलं नंबर चुकला. त्यानंतर मी पाच वर्षं जगले आहे, टिल्लू. भांडले आहे, पोहायला शिकले आहे, दोन दात काढलेत, आणि इथून बाबा मला माझ्याहून लहान दिसतात, आपल्या धाकट्या भावासारखे, त्यांची कीव येते आणि त्यांच्यावर माया येते. त्यांच्या बाजूला काही मिळवता येत नाही, ते आपण दोघांनी कितीही डोकं आपटलं तरी होणार नाही. तुझ्या बाजूला येतं. ती तिकिटं काढ. पुढच्या महिन्यात तू बेचाळीसचा होशील. होऊन दाखव.

तुझीच, आणि शुक्रवारी तुझ्याच विरुद्ध उभी राहणारी,
ताई